'पर्व'ला घाबरायचे कशासाठी?

डॉ. एस. एल. भैरप्पा २४ सप्टेंबर २०२५ रोजी निवर्तले. चौऱ्याण्णव वर्षांचे समृद्ध आयुष्य त्यांना लाभले. राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात त्यांना श्रद्धांजली वाहताना एका कादंबरीचे नाव अग्रभागी असते, ते म्हणजे 'आवरण'. ते स्वाभाविकही आहे. २००७ साली ही कादंबरी कन्नडमध्ये आली, प्रकाशनापूर्वीच तिची पहिली आवृत्ती संपली आणि इतिहासाच्या सोयीस्कर मांडणीवर पोसलेल्या विचारवंतांची झोप उडाली. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ती मराठी घरांत पोहोचली. 'भैरप्पा आपले' असे आपण तेव्हापासून अभिमानाने म्हणू लागलो.

मात्र याच भैरप्पांनी १९७९ साली 'पर्व' लिहिली आहे. त्याही आधी, १९६५ साली, 'वंशवृक्ष' लिहिली आहे. या कादंबऱ्याही उमाताईंच्याच अनुवादातून मराठीत कधीच्या आल्या आहेत. आपल्या किती घरांत त्या आहेत आणि ज्या घरांत आहेत, तिथे चार कुटुंबांनी एकत्र बसून त्यांच्यावर मोकळेपणाने चर्चा केल्याचे किती प्रसंग आपल्याला आठवतात? 'आवरण' दुसऱ्यांना प्रश्न विचारते, म्हणून ती आपल्याला प्रिय आहे. 'पर्व' आणि 'वंशवृक्ष' आपल्याला प्रश्न विचारतात, म्हणून त्या कपाटात राहतात. हा भैरप्पांचा सन्मान नव्हे. लेखक आपला मानायचा आणि त्याच्या साहित्यातले आपल्या सोयीचे तेवढे उचलायचे, हा तर ज्यांच्यावर आपण आयुष्यभर टीका केली त्यांचा खाक्या!

'पर्व'मध्ये असे आहे तरी काय?

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 'पर्व' ही महाभारताची कथा आहे. पण तिच्यात चमत्कार नाहीत. सूर्य, यम, वायू, इंद्र आकाशातून उतरत नाहीत. हिमालयाच्या कुशीत राहणाऱ्या, वेगळ्या चालीरीतींच्या 'देव' नावाच्या जनसमूहातील पुरुषांपासून नियोगाने कुंतीला पुत्र झाले, अशी मांडणी लेखक करतो. कथेचा आरंभ हस्तिनापुरात न होता मद्र देशात, वृद्ध शल्याच्या घरात होतो. कन्याशुल्क घेण्याची त्या देशाची रीत आणि आर्यावर्तातील स्वयंवराची रीत यांतील ताण पहिल्याच पानांपासून जाणवतो. पुढे एकेक पात्र स्वतःच्या मनाशी बोलत जाते. कुंती पंडूचे वैफल्य आठवते. द्रौपदी पाच पतींच्या संसारातील आपली वाटणी, आपला राग आणि आपला एकटेपणा आठवते. भीमाला हिडिंबा आठवते. श्रीकृष्ण इथे अवतार नाही. तो मनुष्य आहे, मुत्सद्दी आहे, मित्र आहे. आणि युद्ध संपते तेव्हा विजयाचे नगारे ऐकू येत नाहीत. मागे उरलेल्या स्त्रियांचे प्रश्न तेवढे ऐकू येतात.

हे सारे लिहिण्यापूर्वी तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक वर्षानुवर्षे ग्रंथ अभ्यासत राहिला. गढवालच्या डोंगरांत, जिथे बहुपतित्वाची चाल तेव्हाही टिकून होती, अशा वस्तीत जाऊन राहिला. द्वारका, कुरुक्षेत्र अशी महाभारताची स्थाने त्याने पायाखाली घातली. उथळ सनसनाटीसाठी कोणी इतके कष्ट उपसत नाही.

कुटुंबांच्या वाचकमंडळात अथवा ग्रंथचर्चेच्या बैठकीत अशा कादंबरीचे नाव सुचवले की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. ते घेणारे आपलेच, सज्जन आणि समाजाविषयी कळकळ असणारे लोक असतात. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

आक्षेप पहिला : श्रद्धा दुखावेल

श्रद्धा म्हणजे काचेचे भांडे आहे, असे मानणाऱ्यांनाच तिच्या तडकण्याची भीती वाटते. महाभारत रचणाऱ्या व्यासांना अशी भीती वाटली नव्हती. सत्यवतीला विवाहापूर्वी झालेला पुत्र म्हणून स्वतःचा जन्म त्यांनी आपल्याच ग्रंथात नोंदवला. अंबिका आणि अंबालिका यांच्या नियोगाची कथा त्यांनी लपवली नाही. भर सभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नापुढे भीष्मांसारखा धर्मज्ञ निरुत्तर झाला, हे त्यांनी झाकले नाही. द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावणारे युधिष्ठिराचे अर्धसत्य त्यांनी पुसून टाकले नाही. गांधारीने प्रत्यक्ष श्रीकृष्णाला दिलेला शाप त्यांनी ग्रंथात ठेवला. ज्या समाजाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथात आपल्याच पूर्वजांची इतकी निर्भय उलटतपासणी आहे, त्या समाजाने विसाव्या शतकातील एका कादंबरीला बिचकावे?

आपण रोज सकाळी काय म्हणतो, तेही जरा आठवून पाहा. प्रातःस्मरणात ज्या पंचकन्यांची नावे घेतली जातात, त्या अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा आणि मंदोदरी यांच्यापैकी एकीचेही आयुष्य सरळ रेषेत गेलेले नाही. शाप, नियोग, पाच पती, पतीच्या वधानंतरचे नवे जीवन अशा बिकट वाटांवरून त्या चालल्या. काही परंपरांत कुंतीच्या जागी सीतेचे नाव येते; तिच्याही वाट्याला वनवास आणि लोकापवादच आले. आपल्या पूर्वजांनी प्रातःस्मरणीय म्हणून निवडल्या त्या ह्याच स्त्रिया. का निवडल्या असतील, हा प्रश्न नावे घेणाऱ्या किती जणांनी स्वतःला विचारला? 'पर्व' तो प्रश्न विचारायला भाग पाडते.

महाराष्ट्राला तर हे नवीन असायचे कारणच नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १२५९ हस्तलिखिते ताडून पाहत ते १९६६ साली पूर्ण केले. वि. स. सुकथनकरांसारख्या पंडिताने त्यासाठी आयुष्य वेचले. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचा भाग मूळ संहितेतील नव्हे, असा निर्णय या आवृत्तीने दिला. त्यामुळे कोणाची कृष्णभक्ती आटली? दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' आले, इरावती कर्वे यांचे १९६७ सालचे 'युगान्त' आले. 'युगान्त'मधील कुंती, गांधारी आणि द्रौपदी यांची चिकित्सा काही सौम्य नाही. मराठी घरांनी ते पुस्तक वाचले, त्यावर वाद घातले आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. महाभारत आहे तिथेच आहे. उलट नव्या वाचकांपर्यंत पोहोचले आहे.

आणि याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकाचे निमित्त करून हल्ला झाला; ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. हल्लेखोरांपैकी ते पुस्तक किती जणांनी वाचले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. पुस्तकाशी भांडण्याच्या दोन रीती आहेत. एक, १२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्याची. दुसरी, ती फाडण्याची. आपली रीत कोणती, हे आपण एकदा स्पष्ट ठरवले पाहिजे.

आक्षेप दुसरा : घरच्या बैठकीत असले विषय?

हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. सासू आणि सून, वडील आणि वयात आलेली मुलगी एकत्र बसलेली असताना नियोगावर, नपुंसकत्वावर, बहुपतित्वावर बोलायचे कसे? संकोच वाटणार. तो वाटावा, हे सुसंस्कृतपणाचेच लक्षण आहे. शाळकरी मुलांना या चर्चेत बसवा, असे कोणी म्हणतही नाही. सज्ञान मुलांपुरतीच ही बैठक असावी.

पण संकोचाचे रूपांतर मौनात झाले, की काय होते? १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी सारे घर दूरदर्शनसमोर बसून महाभारत पाहत असे. आजी तिथेच प्रश्नांची उत्तरे देत असे. आज एकोणीस वर्षांचा मुलगा तेच महाभारत हातातील मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहतो. कोणी अनोळखी मनुष्य त्याला सांगतो, की द्रौपदीवर अन्याय झाला म्हणजे अवघा हिंदू धर्मच अन्यायी. दुसरा तितकाच अनोळखी मनुष्य सांगतो, की महाभारतात अण्वस्त्रे होती. दोघेही त्याला ग्रंथापासून तोडतात. घरात मात्र या विषयावर कोणी बोलत नाही, कारण संकोच! मग संस्कार करण्याचे काम आपण कोणाकडे सोपवले? आपल्या समोर, आपल्या माणसांत, एखाद्या गंभीर कलाकृतीच्या आधाराने मुलाने अवघड प्रश्न विचारणे बरे, की बंद खोलीत एकट्याने त्याचे उत्तर भलतीकडून मिळवणे बरे?

'वंशवृक्ष'चे उदाहरण इथे बोलके आहे. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्रीय हे धर्मनिष्ठ, विद्वान, कुळाचा अभिमान बाळगणारे गृहस्थ. त्यांची तरुण विधवा सून कात्यायनी पुनर्विवाह करते आणि आपला मुलगा सासरी सोडून जाते. पुढे श्रोत्रीयांनाच समजते, की ज्या वंशाचा अभिमान आपण जपला, त्या वंशाचे रक्त आपल्या अंगात नाही. आपला जन्मच परपुरुषापासून झालेला आहे. कोण चूक, कोण बरोबर, याचा निकाल लेखक देत नाही. श्रोत्रीयांची धर्मनिष्ठा खरी आहे आणि कात्यायनीचे दुःखही खरे आहे. ही कादंबरी सासूने आणि सुनेने एकत्र वाचली, तर घर मोडेल की घरातील मुकी माणसे बोलू लागतील? कुटुंब प्रबोधनाची व्याख्याने आपण उदंड आयोजित करतो. दोन पिढ्यांना एका अवघड प्रश्नासमोर शेजारी शेजारी बसवणे, यापेक्षा मोठे कुटुंब प्रबोधन कोणते?

आक्षेप तिसरा : विरोधकांच्या हाती कोलीत

'आपण असली पुस्तके वाचू लागलो, तर पुरोगामी मंडळी त्याचा उपयोग करून घेतील', असे काही जण बजावतात. पुरोगाम्यांचा इतका धाक बाळगण्याचे कारण काय? त्यांच्या आविष्कारस्वातंत्र्याचा इतिहास सर्वांसमोर आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर बंदी घालणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत होता. ते सरकार हिंदुत्ववाद्यांचे नव्हते. त्या बंदीची मूळ अधिसूचनाच सापडत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयासमोर उघड व्हायला २०२४ साल उजाडले! तस्लिमा नसरीन यांच्या 'द्विखंडित'वर नोव्हेंबर २००३ मध्ये बंदी घातली, ती पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने. न्यायालयाने २००५ साली ती उठवली. पण २००७ साली त्या लेखिकेला कोलकाता सोडावेच लागले. सत्तेत असताना ज्यांनी हे केले, त्यांनी हिंदूंना सहिष्णुतेचे धडे द्यावेत, हा विनोद आहे.

परंतु त्यांचा ढोंगीपणा हे आपल्या आळसाचे समर्थन होऊ शकत नाही. या आरशात आपलेही तोंड पाहायला हवे. पेरुमल मुरुगन यांची 'मादोरुभागन' ही तमिळ कादंबरी २०१० साली आली. मूल नसलेल्या शेतकरी दांपत्याची ती कथा. तिरुचेंगोडे येथील अर्धनारीश्वराच्या उत्सवातील एका जुन्या प्रथेचा तिच्यात आधार घेतला आहे. चार वर्षे तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढला नाही. २०१४च्या अखेरीस स्थानिक हिंदू आणि जातीय संघटनांनी आंदोलन केले, प्रती जाळल्या. जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातील लेखक मेला, असे मुरुगन यांनी जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. आज ती कादंबरी अनेक भाषांत, देशोदेशी वाचली जाते. आंदोलनाने काय साधले? लेखकाने प्रथेचे चित्रण करताना गावावर अन्याय केला, असे कोणाला वाटत असेल, तर ते मत साधार मांडण्याचा अधिकार निश्चितच होता. पण जाळलेल्या पुस्तकाचे साधार खंडन कोण ऐकणार?

बंदीने पुस्तक मरत नाही, हे सावरकरांच्या वारसदारांना वेगळे सांगायला हवे काय? १८५७च्या स्वातंत्र्यसमरावरील त्यांच्या ग्रंथावर इंग्रजांनी १९०९ साली, प्रकाशनापूर्वीच, बंदी घातली. क्रांतिकारकांच्या पिढ्यांनी तो लपूनछपून वाचला. जे इंग्रज साम्राज्याला जमले नाही, ते गावातील चार उत्साही तरुणांना जमेल, असे मानणे हा भाबडेपणा आहे.

चर्चा म्हणजे शरणागती नव्हे

'पर्व'वर चर्चा करायची म्हणजे 'पर्व' मान्य करायची, असा गैरसमज आहे. आपली तर पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची परंपरा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नेटके मांडता आल्यावाचून त्याचे खंडन करण्याचा अधिकार आपल्या आचार्यांनी कोणाला दिला नाही.

प्रस्तुत लेखकाचाही या कादंबरीशी मतभेद आहे. चमत्कार काढून टाकला की सत्य उरते, हे भैरप्पांचे गृहीतक पुरते पटत नाही. द्रौपदी कशी जगली, हे 'पर्व' विलक्षण ताकदीने सांगते. पण एका समाजाने हजारो वर्षे तिचे स्मरण पवित्र का मानले, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. मुत्सद्दी कृष्ण समजतो. ज्याच्या नावाने पंढरीची वाट लाखो पावले चालतात, तो कृष्ण त्या मुत्सद्द्यात मावत नाही. इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या चिमटीत काव्य सापडतेच असे नाही. हा आक्षेप गंभीर आहे. मात्र कादंबरी अखेरच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तो घेता येत नाही. न वाचता घेतलेला आक्षेप ही केवळ कुरकुर.

बैठक कशी घ्यावी?

नुसती टीका करून थांबणे हा आपला स्वभाव नाही. म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही व्यवहार्य सूचना.

आठ-दहा कुटुंबे पुरेत. सभागृह नको, ध्वनिवर्धक नको, प्रमुख पाहुणे तर नकोतच. एखाद्याचा दिवाणखाना हवा. ग्रंथ मोठा आहे. एका बैठकीत उरकू नये. महिन्याला एक याप्रमाणे पाच बैठका ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी वाचायचा भाग आधी ठरवून द्यावा. घरोघरी प्रती विकत घेता येत नसतील, तर दोन घरांत एक प्रत फिरवावी. ज्यांचे वाचून झालेले नाही, त्यांनी जरूर यावे, ऐकावे. पण मत देऊ नये. हा एवढा एकच नियम कठोरपणे पाळला, तरी निम्मे वाद टळतील.

बौद्धिक वर्गात वक्ता एक आणि श्रोते अनेक असतात. तिथे ते योग्यच आहे. चर्चेत ही सवय बाजूला ठेवावी लागते. यजमानाने अथवा संचालकाने निष्कर्ष खिशात घालून येऊ नये. त्याचे काम प्रश्न विचारण्याचे आणि लांबलेली भाषणे नम्रपणे आवरण्याचे. पहिल्या फेरीत स्त्रियांनी बोलावे. कुंती आणि द्रौपदी यांच्याविषयी पुरुषांनी तासभर बोलायचे आणि स्त्रियांनी चहा करायचा, ही बैठक नव्हे. चहा त्या दिवशी पुरुषांनी करावा! ज्यांना तोंडाने विचारण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी चिठ्ठीवर प्रश्न लिहून देण्याची सोय ठेवावी. मूळ महाभारताचा अनुवाद शेजारी असावा. 'हे व्यासांचे की भैरप्पांचे?' ही शंका आली की तत्काळ पान उघडून पाहावे. असे केल्याने कादंबरीबरोबर महाभारतही वाचून होते. कोणी दुखावले, चर्चा तापली, तर घाबरू नये. पण कोणी उठून जाण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. आणि सर्वांचे एकमत झाले नाही, तरी बैठक यशस्वी झाली असे समजावे.

संघटन म्हणजे एकसारखी मान डोलावणाऱ्यांची गर्दी, असा आरोप आपल्यावर नेहमी होतो. त्याला वृत्तपत्रांतून उत्तरे देत बसण्यापेक्षा वस्तीवस्तीत अशा बैठका भरू द्याव्यात. तिथे जो तरुण आपल्याच परंपरेचा सर्वांत अवघड प्रश्न ऐकून, त्यावर विचार करून आणि तरीही तिला आपली म्हणून उठेल, त्याला उद्या कोणी सहजासहजी ढळवू शकणार नाही. प्रश्नांपासून जपून ठेवलेला तरुण मात्र महाविद्यालयातील पहिल्याच वादात गारद होईल, किंवा उत्तर नाही म्हणून हात उगारेल. दोन्ही पराभवच.

भैरप्पांच्या प्रतिमेला हार घालून झाले असतील, तर आता कपाटातली 'पर्व' बाहेर काढावी. पहिल्या बैठकीची तारीख याच आठवड्यात ठरवावी.